मागे राहिलेल्या लेकरांचे ताट

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘ग्रामीण दारिद्र्य आणि आपण’ असा विषय दिला तेव्हा मी थोडा बिचकलो. मी बँकेत क्लार्क आहे. शिक्षण कला शाखेचे, तेही नोकरी करता करता पुरे केलेले. दारिद्र्यरेषा कोठे ओढावी यावर विद्वानांचे मोठमोठे वाद झालेले आहेत आणि ते त्यांनी करावेत. मी आपल्या कुवतीप्रमाणे विषय लहान करून घेतला आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांची जी लेकरे गावात मागे राहतात, ती त्या पाच-सहा महिन्यांत काय खातात, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. ऊसतोडीच्या मजुरीवर, मुकादमावर, कारखान्यावर भाषणे पुष्कळ होतात. त्या लेकरांच्या ताटात डोकावून पाहिले जात नाही, असे मला वाटत आले आहे.

माणसे जातात का, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ते घरातूनच ठाऊक आहे आणि काहींना मुळीच ठाऊक नाही. आपल्या जिल्ह्यात बालाघाटचा डोंगर आडवा पसरलेला आहे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील जमीन हलकी, मुरमाड, पाऊस पर्जन्यछायेतला. खरिपाची बाजरी निघाली की ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला शेतात करण्यासारखे काही उरत नाही. आणि आपल्या समाजातील बहुसंख्य घरांना तर दोन-तीन एकरांवर जमीन नाही, पुष्कळांना तेवढीही नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आणि सुकडी खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग एकामागून एक कारखाने उभे राहिले, कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. त्यांना तोडणीला हात हवे होते आणि आपल्या डोंगरपट्ट्याजवळ हातांशिवाय दुसरे काही नव्हते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक इंग्रजी निबंध लिहिला होता. आपल्याकडे त्यांची भाषणे वाचली जातात, हा निबंध फारसा वाचला जात नाही. त्याचा आशय थोडक्यात असा, की जमिनीचा तुकडा लहान आहे हे मूळ दुखणे नव्हे. त्या तुकड्यावर घालायला भांडवल आणि अवजारे नाहीत, आणि शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, हे खरे दुखणे आहे. रिकाम्या हातांना शेतीबाहेर उद्योग मिळाला पाहिजे, असा उपाय त्यांनी सुचवला. शंभरावर वर्षे होऊन गेली. आपल्या रिकाम्या हातांना काम मिळाले ते दुसऱ्याच्याच शेतातले, वर्षातील पाच-सहा महिन्यांचे, आणि त्यासाठी घर बंद करून जावे लागते.

आता घर बंद का करावे लागते? बापाने जावे आणि आईने लेकरांपाशी राहावे, असे का होत नाही? शहरातील माणसे हा प्रश्न हमखास विचारतात. बँकेत नव्याने आलेल्या एका अधिकाऱ्यानेही मला तो विचारला होता. याचे उत्तर ‘कोयता’ या एका शब्दात आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुषाने ऊस तोडायचा, बाईने साळून मोळी बांधायची, दोघांनी मिळून गाडी भरायची. एकटा माणूस गेला तर तो ‘अर्धा कोयता’ आणि मुकादम त्याला उचलही अर्धीच देतो. ही उचल पावसाळ्यातच दिलेली असते. तिच्यातून आधीचे देणे, दवाखाना, बी-बियाणे, कोणाचे लग्न असे सगळे भागलेले असते. म्हणजे आईचे जाणे ठरते ते दिवाळीत नाही, आषाढ-श्रावणातच ठरून गेलेले असते. पुढे एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. वाढ चांगली झाली, नाही म्हणत नाही. पण पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोन माणसांनी राबून दीड-दोन टन ऊस पडतो, हा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा.

तेव्हा ‘कशी आई म्हणायची, लेकरे टाकून जाते’ असे कोणी बोलले तर त्याला हे सांगा. तिच्यापुढे दोनच वाटा असतात. लेकरू बरोबर नेले तर शाळा सुटते आणि फडात, गाड्यांच्या वर्दळीत, कोपीतल्या थंडीत त्याचे दिवस जातात. मागे ठेवले तर शाळा राहते, पण ताट सुटते. अंगावरचे पोर ती नेतेच. शाळेत घातलेले पोर ती आजी-आजोबांपाशी, चुलतीपाशी ठेवते, केवळ ते शिकावे म्हणून. या ठेवण्याला मी त्याग म्हणतो.

आता ताटाकडे येतो.

माझ्या बँकेच्या खिडकीवर नोव्हेंबर लागला की माणसे बदलतात. तरणी माणसे दिसेनाशी होतात, म्हाताऱ्यांची रांग लागते. श्रावणबाळ, संजय गांधी योजनेचे महिन्याचे दीड हजार काढायला आजीबाई येतात, बरोबर बोट धरून एक-दोन नातवंडे असतात. राबून राबून बोटांचे ठसे झिजलेले. यंत्रावर अंगठा तीनतीनदा ठेवावा लागतो. मी विचारतो, “आजी, सगळे काढायचे का?” त्या म्हणतात, “काढ रे लेका, गोडं तेल सरलंय.” एकदा एका आजींना मी म्हणालो, “रेशन मिळते ना?” त्यांचे उत्तर मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. “दाणे हाईत बाबा, पोतं भरून हाईत. दळून आणायचं कुणी अन् थापायचं कुणी? माझं मनगट चालत नाही.”

बंधु-भगिनींनो, आपण भूक म्हणजे धान्याचा अभाव असे धरून चालतो. पूर्वी ते खरे होते. आज अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. वाटपात गडबडी आहेत, अंगठा जुळत नाही म्हणून परत पाठवणे आहे, आईबापांनी जाताना काही धान्य बरोबर नेलेले असते. हे सगळे धरूनही मागे राहिलेल्या घरात गहू-तांदूळ बहुधा असतो. नसतात ते रांधणारे हात, आणि नसते ते भाकरीबरोबरचे कालवण.

आई जाण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस राबून मागची तजवीज करते. येसर करून डब्यात भरते, शेंगदाण्याची चटणी कुटते, कारळाची किंवा जवसाची करते, एखाद-दोन किलो डाळ आणून ठेवते. हा साठा किती दिवस पुरतो? मी बऱ्याच जणींना विचारले आहे. चटणी महिन्यात संपते, येसर फार तर संक्रांतीपर्यंत. त्यानंतर ताटात काय असते ते सांगतो. सकाळी चहा आणि त्यात बुडवून टोस्ट किंवा बटर. दुपारी शाळेची खिचडी. रात्री भात आणि तिखट-मीठ, क्वचित पातळ आमटी. भाकरी आठवड्यातून दोन-तीनदा, म्हातारीच्या अंगात बळ असेल तर. आणि मधल्या वेळी दुकानातली पाच रुपयांची पुडी. ही पुडी म्हणजे आजोबांची माया असते. लेकरू आईच्या नावाने रडू लागले की आजोबा दुकानात नेतात. त्यांना दोष कसा द्यावा? पण त्या पुडीने भूक मरते, पोट भरते असे नाही.

भाकरीच्या जागी भात आला, यात काय एवढे बिघडले, असे कोणी म्हणेल. बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. प्रथिने बाजरीत अकरा ग्रॅमच्या आसपास, तांदळात आठच्या आसपास. आपले पूर्वज गरीब होते, पण त्यांच्या गरिबीच्या जेवणातही बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकी, कारळाची चटणी, बांधावरची तांदुळजा-पाथरी-घोळ अशी रानभाजी होती. मी जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. त्या दिवसांत आपल्या आज्यांनी काय अपमान गिळून भाकरी मिळवली, ते आपल्याला ठाऊक आहे. पण रानातली भाजी ओळखणारी, खुडून निवडणारी बाई फडावर गेली, बाजरी दळून थापणारी गेली, की जमिनीत उगवलेले आणि पोत्यात असलेलेही लेकराच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही. भात मात्र दहा वर्षांचे पोरही शिजवते. म्हणून भात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ५३.८ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ६८.९ टक्क्यांवर गेला. त्याच पाहणीत ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. हे आकडे सबंध राज्याचे आणि लहान बालकांचे आहेत, आपल्या डोंगरपट्ट्यातील शाळकरी लेकरांचे नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. पण शाळेत पाऊल टाकतानाच लेकराच्या अंगात रक्त किती असते, याची कल्पना त्यावरून येते.

शाळेच्या खिचडीवर आपण फार भिस्त ठेवतो, म्हणून तिचाही हिशेब मांडतो. १९९५ साली ही योजना देशभर निघाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा; माझ्या धाकट्या भावाने तो पाठीवर वाहून आणलेला मला आठवतो. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि खिचडी आली. या खिचडीने लाखो पोरे शाळेत टिकली, तिची थट्टा करणारांचा मला राग येतो. परंतु ती पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देते, आणि सात ते नऊ वर्षांच्या लेकराची दिवसाची गरज सुमारे १७०० उष्मांकांची असते. म्हणजे चौथा हिस्सा शाळेचा. उरलेले तीन हिस्से घराने द्यायचे आणि घर तर फडावर गेलेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे किंवा केळे देण्याचा निर्णय झाला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. त्या दिवशी पोरे हमखास हजर राहतात, असे आमच्या ओळखीचे एक गुरुजी सांगत असत. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्यावे असे सांगितले. ज्या वस्तीतील निम्मे लोक परजिल्ह्यात ऊस तोडत आहेत, तेथे लोकसहभाग कोणाचा घ्यावा?

याहून मोठी गोष्ट पुढे आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. टोळ्या निघतात केव्हा? दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे. शाळेला सुटी केव्हा असते? दिवाळीत. म्हणजे ज्या दिवशी आई ट्रॅक्टरमध्ये बसते, नेमक्या त्याच दिवसांत शाळेची चूलही बंद असते. लेकराने आई गेल्याचे पहिले पंधरा दिवस काढायचे ते खिचडीशिवाय. त्या पंधरा दिवसांत आजारी पडलेली, शाळा उघडल्यावर आठ-आठ दिवस न आलेली मुले गुरुजींना माहीत असतात.

शासनाने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीने स्थलांतरित पालकांच्या मुलांची यादी करायची, प्रस्ताव पंचायत समितीमार्फत वर पाठवायचा, मंजुरी आली की गावातच मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करायची. पुष्कळ ठिकाणी मुले झोपायला नातेवाइकांकडे आणि जेवायला शाळेत, अशी पद्धत आहे. योजना उत्तम आहे. मात्र आईबाप गेल्याशिवाय यादी पक्की होत नाही, यादी पक्की झाल्याशिवाय प्रस्ताव जात नाही आणि प्रस्ताव गेला तरी पैसा लगेच येत नाही. मी कागदांच्या धंद्यातलाच माणूस आहे, कागद कोठे थांबतो ते मला चांगले समजते. डिसेंबर उजाडल्याशिवाय ताट पडत नाही, असा आपल्या भागातील पुष्कळांचा अनुभव आहे. २०१९ साली ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले. २०२१ साली ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे उघडण्याचा निर्णय झाला. जेथे ती सुरू झाली तेथे मोठ्या मुलांना आधार झाला. पण दुसरी-तिसरीतले पोर आजी तालुक्याला एकटे पाठवत नाही, आणि पाठवूही नये.

मुलींविषयी थोडे बोललेच पाहिजे. ज्या घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी मागे राहते, त्या घरात आई राहिली असेच सगळे धरून चालतात. पाणी ती आणते, भात ती शिजवते, धाकट्याला ती न्हाऊ घालते आणि सर्वांचे झाल्यावर पातेल्यात जे राहील ते खाते. तिच्या हातावरचे तव्याचे चटके मी खिडकीतून पैसे देताना पाहिले आहेत. शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव असते. मग ती तेरा-चौदाची झाली की आईबापांना दुसरी काळजी लागते, मागे एकटी पोर कशी ठेवावी. त्या काळजीतून लग्न उरकले जाते आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. आपल्या जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते, असे २०१९-२१ च्या पाहणीत आढळले. राज्यात हे प्रमाण २१.९ टक्के होते. कायदा कडक करा असे सगळे म्हणतात. मी म्हणतो, त्या मुलीला संध्याकाळचे तयार जेवण आणि निजायला सुरक्षित जागा गावातच मिळाली तर निम्म्या आयांना काळजी उरणार नाही.

येथे मला एक आठवण करून द्यायची आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या कामाच्या सुरुवातीलाच, १९२५ साली, सोलापूरला आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने वसतिगृहे उभी राहिली होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनीही सर्व जातींची मुले एका छताखाली आणून जेवू घातली. या सगळ्यांना शिक्षणाची तळमळ होती, आणि तरी त्यांनी मुलाच्या निजण्या-जेवण्याची सोय आधी पाहिली. आपल्यासमोर बसलेले जे निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, त्यांतील कितीजण वसतिगृहाच्या ताटावर वाढले, हे त्यांनीच आपल्या नातवंडांना सांगावे.

आता आपल्या संस्थेकडे वळतो, आणि थोडे स्पष्ट बोलतो. अध्यक्षांनी रागावू नये. संस्थेचा अंतर्गत हिशेब तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्कारावर आपण नव्वद हजारांच्या आसपास खर्च केला. त्यात मंडप, ध्वनिक्षेपक, जेवणावळ आणि स्मृतिचिन्हे यांचा वाटा मोठा; मुलांच्या हातात पडलेली रक्कम थोडी. ज्यांचा सत्कार झाला ती मुले गुणी आहेत, त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. पण त्या यादीत डोंगरपट्ट्यातील वस्त्यांवरचे एकही नाव नव्हते. ती मुले दहावीच्या परीक्षेत नापास झाली असे समजू नका. ती दहावीपर्यंत आलीच नाहीत. आपण शर्यतीच्या शेवटच्या टोकाला हार घेऊन उभे आहोत आणि निम्मे धावणारे पहिल्याच वळणावर बसले आहेत. आणखी एक अप्रिय गोष्ट. आपल्यातही आता दोन-चार मुकादम आहेत. ते वर्गणीही सढळ हाताने देतात. त्यांच्या वर्गणीची पावती फाडताना, त्यांच्या टोळीतील लेकरे कोठे जेवतात हे विचारण्याचा अधिकार संस्थेला आहे, असे मला वाटते.

माझी सूचना साधी आहे. शासनाचे काम आपण अंगावर घ्यावे असे मी म्हणत नाही. हंगामी वसतिगृह सुरू होईपर्यंतचे जे दिवस कोणाच्याच हिशेबात नाहीत, ते दिवाळीपासूनचे साधारण ४५ दिवस आपण धरावेत, आणि तेही पहिल्या वर्षी एकाच वस्तीवर. मी आणि दोन तरुण सभासद गेल्या महिन्यात त्या वस्तीवर तीन रविवार गेलो होतो. मागे राहणारी मुले ३१ आहेत. पहिली ते चौथीची १९, पाचवी ते आठवीची १२. यात आपल्या समाजाची आहेत, वंजारी आहेत, मातंग आहेत, दोन घरे धनगरांची आहेत. यादी करताना आम्ही जात विचारून कोणाला गाळलेले नाही आणि गाळणारही नाही.

एका मुलामागे एका रात्रीला दीडशे ग्रॅम ज्वारी-बाजरीचे पीठ, चाळीस ग्रॅम डाळ, एखादी भाजी, मूठभर शेंगदाणे, तेल-मीठ, सरपण आणि आठवड्यातून दोन अंडी असा हिशेब धरला तर आजच्या बाजारभावाने २५ रुपये पडतात. ३१ मुलांचे ४५ दिवसांचे ३४,८७५ रुपये. स्वयंपाकाला दोन बायका, दोघींना मिळून रोजचे २०० रुपये, म्हणजे ९,००० रुपये. एकूण ४३,८७५ रुपये. गेल्या वर्षीच्या सत्काराच्या निम्माही खर्च नाही. गिरणीवाल्याने दळण फुकट देण्याचे कबूल केले आहे. ज्या दोघी स्वयंपाक करणार आहेत त्या विधवा आहेत, त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना आता कोणी टोळीत घेत नाही, पण भाकरी त्या पन्नास-पन्नास थापतात. त्यांच्या हातचे जेवायला आपले लेकरू पाठवणार नाही, असे दोन घरांनी आडून सुचवले होते. आम्ही वाद घातला नाही. एवढेच सांगितले, की वाढणारी पंगत एकच असेल आणि ताट झाकून घरी पाठवले जाणार नाही. दुसऱ्या रविवारी त्याच दोन घरांतील आज्यांनी आपल्या नातवंडांची नावे यादीत लिहून घेतली.

विद्यार्थी मित्रांनाही काम आहे. जेवणानंतर तासभर तेथे अभ्यास घेणारे दोघे-तिघे आळीपाळीने हवे आहेत. आणि हजेरीची वही ठेवणारा एक हवा. ती वही मी फार महत्त्वाची मानतो. कोणते मूल कोणत्या तारखेपासून एकटे आहे, याचा पुरावा तिच्यात राहील, आणि पुढच्या वर्षी तीच वही घेऊन आपल्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येईल, की साहेब, यादी दिवाळीआधीच तयार आहे, मंजुरी आधी द्या.

येत्या रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे आणि मंडपवाल्याला विसार द्यायचा विषय त्या दिवशीच्या पत्रिकेवर तिसरा आहे. माझा अर्ज त्याच्या आधी घ्यावा, अशी विनंती मी सचिवांना लेखी दिली आहे. ३१ नावांची यादी आणि खर्चाचा कागद टेबलावर ठेवला आहे. ज्यांना आकडे तपासायचे असतील त्यांनी जरूर तपासावेत. टोळ्या निघायला आता पाच आठवडे राहिले आहेत.